वृद्धाश्रमाचा अकरा महिन्यांचा अनुभव : इथे बाबांना पहाटे कोणी उठवत नाही

पहिल्या दिवशी बाबांची पिशवी गाडीतून उतरवायच्या आधीच इथल्या ताईंनी विचारलं, "आबाजी रातचे कवा झोपते न सकाळी कवा उठते?"

मी आधार कार्डाची झेरॉक्स, डॉक्टरची फाईल, दोन फोटो असं सगळं हातात धरून उभा होतो. असा प्रश्न येईल असं मनात नव्हतं, म्हणून मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "झोपाले एक-दीड वाजते. उठाले साडेआठ." आणि एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली, जसा काही गुन्हा कबूल केला. आधीच्या ठिकाणच्या सात महिन्यांनी त्यांना ती सवय लावली होती. ताईंनी वहीत "साडेआठ" लिहिलं आणि पुढचं विचारलं, "चहा उठल्याबरोबर पाह्यजे का तोंड धुतल्यावर?"

आज अकरा महिने झाले. आषाढात बाबांना इथे आणलं, आता मिरगाचा पाऊस तोंडावर आहे. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा तिन्ही पाहून झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

जागा वर्धा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावापासून नऊ किलोमीटर आत. जुना वाडा आहे, त्याला लागून नंतर बांधलेल्या खोल्यांची ओळ, समोर मोठं अंगण, अंगणात एक कडूनिंब. कुंपणाच्या पलीकडे लगेच तुरीचं वावर. राहणारे २२ जण, त्यात बाया १३ आणि माणसं ९. महिन्याचे आम्ही ८,००० देतो, औषधं वेगळी. ज्यांचं कोणी नाही अशा तिघांकडून काहीच घेत नाहीत. खोल्या साध्या आहेत, फरशी कोरडी असते, संडासात धरायला दांडे आहेत. टीव्ही एकच.

मी विजेच्या उपकेंद्रात यंत्रचालक आहे. तीन पाळ्यांची ड्युटी, रात्रपाळी आली की सकाळी आठला सुटतो. बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तिला वाकता येत नाही. आई चार वर्षांपूर्वी गेली. बाबा शेतातल्या घरी एकटे राहात होते, पण दोनदा चक्कर येऊन पडले, तेव्हा त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. गावात लोक बोलले. त्यांना बोलायचं ते बोलू दे, पण वृद्धाश्रमात ठेवलं म्हणून माझी काळजी संपली असं कोणी समजू नये. काळजी तिथूनच सुरू झाली.

बाबांच्या झोपेबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वय ८१. आमची पाच एकर, त्यातली तीन ओलिताची. ज्वारी हुरड्यावर आली, तूर शेंगेवर आली, हरभऱ्याला घाटे धरले, की रानडुकरं आणि रोही (नीलगाई) वावरात उतरतात. एका रातीत अर्धा एकर लोळवून टाकतात. म्हणून जागल. बाबांनी चाळीस वर्षं माळ्यावर बसून जागल केली. हाताशी टिनाचा डबा, काठी, बॅटरी, आणि थंडीत खाली शेकोटी. त्यात ओलिताची गोष्ट आणखी वेगळी. शेतीपंपाची थ्री फेज लाईन पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रातची लाईन असली की हरभऱ्याला पाणी रातीच द्यावं लागतं. मी उपकेंद्रात बसून ज्या फिडरला, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या विजेच्या तारेला, लाईन सोडायचो, त्याच फिडरवर माझा बाप मध्यरात्री वाफ्यामागून वाफा भिजवत चिखलात उभा असायचा. दोनला घरी यायचे, हातपाय शेकायचे, झोपायचे, आणि सकाळी साडेआठला उठायचे. आई त्यांना कधी उठवत नसे. घरात सकाळी भांडं आपटलं तर आम्हाला मार बसायचा, "तुहा बाप आता झोपला" म्हणून.

आता आधीच्या ठिकाणाविषयी. नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, हे आधी सांगतो. जेवण बरं होतं, देवघर होतं, कपडे रोज धुऊन मिळायचे. पण संध्याकाळी साडेसहाला जेवण, आठला दिवे बंद, दाराला कडी. आणि पहाटे साडेचारला ट्यूबलाईट लागायची. दिवाळीनंतर आम्ही बाबांना तिथं ठेवलं, म्हणजे कडक थंडी. पाचला आंघोळ, साडेपाचला प्रार्थना, त्यानंतर चहा. बाबा आठला अंथरुणावर पडायचे आणि एक वाजेपर्यंत अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहायचे. उठून बसलं तर रागवायचे. मग साडेचारला उठवायचे. म्हणजे माणसाला झोप किती मिळाली? साडेतीन तास. दिवसा ते खुर्चीत डुलायचे, जेवताना घास हातात राहायचा. मी भेटायला गेलो की म्हणायचे, "मले अठी डोया लावूच देत नाई रे."

मी तिथल्या व्यवस्थापकांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते खरं होतं, म्हणून इथे लिहितो. तीस माणसांमागे रात्रपाळीच्या दोन बाया होत्या, आणि त्यांची ड्युटी सातला संपायची. सातच्या आत तीस आंघोळी उरकायच्या तर साडेचारला पहिला माणूस उठवावाच लागतो. म्हणजे बाबांची पहाट ठरवली ती बायांच्या ड्युटीच्या कागदाने. त्या बायांवर माझा राग नाही, त्या तरी काय करणार. पण आम्हाला दाखल करताना हे कोणी सांगितलं नव्हतं. वर सांगायचे की ब्राह्ममुहूर्तावर उठणं आरोग्याला चांगलं.

मग गोळी सुरू झाली. "आबाजी झोपत नाही" अशी तक्रार त्यांनीच डॉक्टरांकडे केली आणि झोपेची गोळी लिहून घेतली. त्यातच लघवीची गोळी संध्याकाळी द्यायचे, कारण औषधं वाटायची वेळ संध्याकाळची. मार्चमध्ये एका रात्री बाबा लघवीला उठले, गोळीची गुंगी होती, उंबऱ्याला पाय अडकला. उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात मी त्यांच्याजवळ बसलो होतो, तेव्हा आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मला हिशोब करून दाखवला, तो मला जन्मभर पुरेल. म्हणाल्या, पासष्टीच्या पुढच्या माणसाला साधारण सात-आठ तास झोप लागते. आठला झोपवलं आणि लगेच झोप लागली, तरी तो तीन-चारला जागा होणारच. मग तो अंधारात तळमळतो, आपण त्याला निद्रानाश म्हणतो, आणि गोळी देतो. मुळात आजार नसतो, वेळ चुकलेली असते. वय झालं की गाढ झोप कमी होते, झोप तुटक होते, बहुतेकांना संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते. पण सगळ्यांना नाही. शरीरात जे घड्याळ असतं ते प्रत्येकाचं थोडं वेगळं. ते घड्याळ चालतं कसं, याच्या शोधाला २०१७ चं नोबेल मिळालं, हेही त्यांनीच सांगितलं. आणि झोपेच्या गोळीने म्हातारी माणसं पडतात, हे डॉक्टरांना नवीन नाही, म्हणाल्या.

मी पाळ्यांची नोकरी करणारा माणूस. रात्रपाळीनंतर सकाळी दहाला कोणी दार वाजवून उठवलं तर डोक्यात काय होतं ते मला माहीत आहे. तरी माझ्या बापाच्या बाबतीत मला हे सात महिने सुचलं नाही. मी विचारत राहिलो, जेवता का, औषध घेता का. झोपेचं विचारलं नाही.

आमच्या वर्धा भागात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. इथल्या माणसाला आश्रम म्हटलं की पहाटेची प्रार्थना आठवते. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात आले, १९४० मध्ये त्याचं सेवाग्राम झालं, आणि तिथली पहाटेची प्रार्थना आमच्या आजोबांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिली. तुकडोजी महाराजांच्या सेवा मंडळांमुळे गावोगावी सकाळचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची प्रार्थना आली. मला या दोन्हींबद्दल मनापासून आदर आहे, आमच्या गावच्या प्रार्थनेत मी लहानपणी खंजिरी वाजवली आहे. पण तिथे जाणारा माणूस आपल्या मनाने गेला होता. त्याने नियम ऐकला, पटला, म्हणून राहिला. वृद्धाश्रम या शब्दातही आश्रम आहे, आणि मला वाटतं त्या शब्दामुळे चालवणाऱ्यांना पहाटे उठवण्यात काही वावगं वाटत नाही. माझ्या बापाने कोणतं व्रत घेतलेलं नाही. त्यांचे गुडघे गेले आणि मुलाच्या घरी बघायला कोणी नाही, म्हणून ते तिथे आहेत.

आता इथे कसं चालतं ते सांगतो. स्वयंपाकघराच्या भिंतीला शाळेतल्यासारखा एक काळा फळा आहे. त्यावर २२ ओळी, खडूने लिहिलेल्या. खाट नंबर, उठायची वेळ, चहा साखरेचा की बिनसाखरेचा, आंघोळ सकाळी की दुपारी. बाबांची खाट ७, वेळ साडेआठ, आंघोळ दुपारी बाराला. कारण ओलिताच्या दिवसांत बाबा दुपारीच विहिरीवर आंघोळ करायचे. पहिली आंघोळ पहाटे साडेचारला होते, ती माळकरी आजींची, आणि त्या स्वतःहून उठलेल्या असतात. त्यांचं पाणी चुलीवर रखवालदार काका ठेवतात. शेवटची बाबांची. ताईंनी बायांच्या पाळ्याच अशा लावल्यात की एक जण पाचला येते, एक आठला, एक दहाला. सगळ्या एका वेळी येत नाहीत म्हणून पहाटे घाई नाही. मी विचारलं, यात खर्च वाढला का. ताई म्हणाल्या, "माणसं तेवढीच हायेत भाऊ, येळा बदलल्या." दहाला येणाऱ्या मावशीचं पोरगं शाळेत सोडून यायचं जमतं, म्हणून ती ही पाळी मागून घेते.

नाश्ता दहापर्यंत झाकून ठेवतात. पोहे थंड होतात, हे खरं आहे. बाबांना थंड पोहे चालतात, चहा मात्र गरम लागतो, तो थर्मासमध्ये असतो. औषधांचं त्यांनी डॉक्टरांना विचारून वेगळं केलं. ज्याला इन्सुलिन आहे त्याला वेळेवर उठवावं लागतं, तिथे सूट नाही, आणि त्या काकाजींना ते समजावून सांगितलं आहे. बाकीच्यांच्या गोळ्या उठल्यावर. बाबांची लघवीची गोळी डॉक्टरांनी सकाळवर नेली. झोपेची गोळी त्यांनीच हळूहळू कमी करत दोन महिन्यांत बंद केली, एकदम नाही. आता बाबा रात्री एकदा उठतात. आधी तीनदा उठायचे.

रात्री व्हरांड्यात पिवळा झिरोचा बल्ब असतो. फेरीला येणारी मावशी बॅटरी फरशीवर मारते, तोंडावर मारत नाही. श्वास पाहते आणि निघून जाते. दोघी आजी पूर्ण अंथरुणावर आहेत, त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, त्यांना एअर गादी आहे आणि मावशी दर दोन तासांनी जाते. तेव्हाही ट्यूबलाईट लावत नाही. मी एकदा अकराला बाबांजवळ थांबलो होतो तेव्हा पाहिलं. मावशी आजीच्या कानाशी हलकेच म्हणाली, "माय, कूस देतो, झोप तू." आजी पूर्ण जागी झालीच नाही.

बाबा रात्री अकरा ते एक व्हरांड्यात बसतात. त्यांना एक खुर्ची ठरवून दिली आहे. रखवालदार काका आणि ते, दोघं. तुरीकडे तोंड करून. काही बोलत नाहीत फारसं.

याच बसण्यावरून कार्तिकात मोठं भांडण झालं. ते लिहिलं नाही तर हे सगळं गोड गोड वाटेल. तूर शेंगेवर होती. रात्री साडेबाराला पलीकडच्या वावरात कळप शिरला, बाबांनी खसफस ऐकली आणि चाळीस वर्षांच्या सवयीने उठून हाकारा घातला, "हा... हुर्रर्र!" हातातला पितळी गिलास खांबावर बडवला. अख्खा वाडा जागा झाला. एका आजीला धडधड सुरू झाली, तिला पाणी पाजून बसवावं लागलं. माळकरी आजी, ज्या आठला झोपून साडेतीनला उठतात, त्या दोन दिवस बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी ताईंसमोर म्हणाल्या, "याईची झोप तुम्ही सांभायता, न माही?" त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. बाबांची जाग सांभाळायची तर आजींची झोपमोड होते, आणि आजींनी साडेतीनला हरिपाठ सुरू केला की भिंतीपलीकडच्या बाबांना लागलेली झोप जाते. त्यांनाही तोच त्रास होता, ते बोलले नव्हते इतकंच.

ताईंनी मला फोन केला, मी गेलो. मला वाटलं, आता म्हणतील की बाबांना आठला झोपवावं लागेल. तसं झालं नाही. दोघांना समोरासमोर बसवलं, चहा दिला. आजींची खाट वाड्याच्या आतल्या बाजूला, देवघराशेजारच्या खोलीत गेली. पहाटे उठणाऱ्या चौघीजणी आता तिकडेच असतात, त्यांचा हरिपाठ तिथं होतो. उशिरा झोपणारे तिघं शेताकडच्या ओळीत आले. त्यात बाबा, एक एसटीचे निवृत्त ड्रायव्हर काकाजी आणि एक शिंपी. ड्रायव्हर काकाजींनी तीस वर्षं मुक्कामी गाडी चालवली, रात्री खेड्यात गाडी लावायची आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन निघायचं. त्यांची झोप दोन तुकड्यांची आहे, रात्री चार तास आणि दुपारी तीन तास, आणि फळ्यावर ती तशीच लिहिली आहे. बाबांनी शब्द दिला की हाकारा घालणार नाही, रखवालदार काकांना बोट दाखवतील, काका पलीकडे जाऊन बॅटरी मारतील. एकदा विसरले, पौषात. आजींनी आतून ओरडून विचारलं, "गेलं काय डुक्कर?" बाबा म्हणाले, "गेलं." तेवढ्यावर मिटलं.

एका आजीबद्दल लिहायलाच हवं. त्यांना विसर पडतो, मुलाला भाऊ समजतात. दिवस मावळला की त्यांची घालमेल सुरू होते, गाईची धार काढायची राहिली म्हणून दाराकडे निघतात. रात्री लवकर झोपतात आणि चारला उठून खराटा शोधतात. दुसरीकडे त्यांना खाटेवर दाबून बसवायचे, मग त्या ओरडायच्या, असं त्यांच्या सुनेने मला सांगितलं. इथे पाचची मावशी आली की त्यांच्या हातात लहान बादली देते. दोघी मिळून अंगणात सडा टाकतात. आजींचा अर्धा सडा पायावरच पडतो. मग त्या ओट्यावर बसून चहा पितात आणि परत झोपतात, सात वाजेपर्यंत. थंडीत अंगावर शाल आणि पायात मोजे घालून हेच. मी हे एकदा नाईटवरून लवकर सुटून आलो तेव्हा पाहिलं आणि गाडी बंद करून फाटकाबाहेरच उभा राहिलो.

उन्हाळ्याचा प्रश्न आमच्याकडे वेगळाच. मेमध्ये पंचेचाळीसच्या वर पारा जातो, नवतप्यात, म्हणजे सगळ्यात तापणाऱ्या नऊ दिवसांत, रात्रीसुद्धा भिंती भाजतात. खेड्यातला माणूस उन्हाळ्यात घरात झोपतच नाही, अंगणात बाज टाकतो. आधीच्या ठिकाणी टिनाच्या पत्र्याखाली दार लावून झोपवायचे, सुरक्षेसाठी. इथे ज्यांना हवं त्यांच्या बाजा कडूनिंबाजवळ टाकतात, मच्छरदाणी लावून, आणि रखवालदार काकांची बाज त्यांच्या मधोमध. झोपायच्या आधी अंगणात पाणी मारतात. अंगणात जायचं की कूलरजवळ, हे रोज संध्याकाळी विचारतात. बाबा बाहेरच असतात. म्हणाले, चार वर्षांनी चांदण्या पाहून झोपलो.

कमी काय आहे तेही सांगतो. रात्री रखवालदार काका आणि एक मावशी, दोघंच. मावशी पोळ्याला माहेरी गेली तेव्हा बदली मिळाली नाही आणि तीन दिवस सगळ्यांना साडेपाचलाच उठवलं. ताईंनी नंतर फोन करून सांगितलं, लपवलं नाही, पण सगळा कारभार एका माणसावर टेकला आहे हे त्यातून दिसतं. जेवणात तिखट कमी, चून (पिठलं) बेचव असतं, बाबा मला ठेचा आणायला लावतात. पावसाळ्यात मधल्या नाल्याला पूर आला की अर्धा दिवस रस्ता बंद, आणि डॉक्टर पलीकडे. दोन कूलर जुने आहेत, त्यांचा आवाज ट्रकसारखा येतो. इन्व्हर्टर अडीच-तीन तास चालतो, मेमध्ये लाईन गेली की तेवढा पुरत नाही. याविषयी मी त्यांना नवीन बॅटऱ्या घ्यायला सांगितलं आहे, आणि वायरिंगचा लोड मी स्वतः सुट्टीत तपासून दिला.

माझ्या मेव्हण्याची मुलगी अमेरिकेत नर्स आहे. बाबांचा हात मोडल्याचं कळलं तेव्हा तिने फोनवर सांगितलं की तिकडे १९८७ साली नर्सिंग होम सुधारायचा कायदा झाला, आणि मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांचा पैसा घेणाऱ्या नर्सिंग होमसाठी जे केंद्राचे नियम आहेत त्यात राहणाऱ्या माणसाला आपलं वेळापत्रक निवडायचा हक्क आहे, त्यात झोपायच्या आणि उठायच्या वेळा असं शब्दांत लिहिलेलं आहे. सगळीकडे पाळलं जातंच असं नाही, हेही ती म्हणाली. पण लिहिलेलं असलं की बोट ठेवून दाखवता येतं. आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. त्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय, आणि वैद्यकीय सेवा व करमणुकीचा दर्जा राज्य सरकारने ठरवावा असं आहे. मी ते कलम दोनदा वाचलं. झोपेबद्दल त्यात एक शब्द नाही. मला वाटतं एक ओळ घालायला हवी. इंजिनीअरच्या भाषेत सांगायचं तर फिडर कोणाच्या मागणीवर चालतो, ते आधी लिहिलं पाहिजे.

कोणी आपल्या आईसाठी, बापासाठी जागा पाहात असेल तर माझं एक ऐका. दुपारी चारला जाऊ नका, तेव्हा सगळीकडे सगळं छान असतं. पहाटे पाचला जा. ट्यूबलाईट लागली आहे का, कोण स्वतःहून उठलंय आणि कोणाला उठवलंय, हे तोंडावरून कळतं. रात्रपाळी किती वाजता सुटते ते विचारा आणि त्या आधी किती आंघोळी होतात ते विचारा. झोपेची गोळी कितीजणांना आहे तेही विचारा. आणि आपल्या माणसाची सवय कागदावर लिहून न्या, कारण तिथे गेल्यावर तो स्वतः सांगणार नाही. माझे बाबा सांगत नव्हते.

मागच्या मंगळवारी माझी रात्रपाळी होती. वादळाने दोन फिडर पडले होते, रातभर फोन. सकाळी आठला सुटलो आणि घरी न जाता इकडे आलो. पावणेनऊ झाले होते. बाबा झोपलेले, हात उशाखाली, तोंड उघडं. आदल्या रात्री वाऱ्यामुळे उशिरापर्यंत जागे होते म्हणे. मावशीने विचारलं, "उठवू काय? पोरगा आला म्हणलं की उठते ते." मी नको म्हणालो. शेजारची शिंपीकाकांची खाट रिकामी होती, ते अंगणात होते. मी बूट काढले आणि पाच मिनिटं टेकतो म्हणून पडलो.

जाग आली तेव्हा साडेअकरा वाजले होते. माझ्या अंगावर बाबांची चादर होती. बाबा खुर्चीत बसून भुईमुगाची फल्ली सोलत होते, टरफलं धोतराच्या ओच्यात गोळा करत, आवाज होऊ नये म्हणून एकेक.

"कवा उठले?" मी विचारलं.

"नऊला. तू घोरत होता." मग म्हणाले, "मावशी तुले चहाले उठवत होती. म्या म्हटलं, राहू दे त्याले, रातची ड्युटी होती."